आधी शब्द जमवा, मग शोधा
धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना माहिती शोधायला कसे शिकवावे

‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले दिसत नाही.’ संशोधन आराखड्यात हे वाक्य आले की मार्गदर्शकाने तिथेच थांबावे आणि विद्यार्थ्याला एकच विचारावे : शोधताना कोणते शब्द टाकले होते? बहुतेक वेळा कळते की विषयाचे अख्खे शीर्षकच मोबाइलवर टाकले होते. ‘धाराशिव जिल्ह्यातील भूमिहीन महिलांच्या शेळीपालनाचा आर्थिक अभ्यास’, असे. नेमके हे शीर्षक आजवर दुसऱ्या कोणी दिलेले नसते. मग पहिल्या पानावर दोन-चार बातम्या येतात आणि शोध तिथेच संपतो. साहित्य असते, पण ते दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या भाषेत आणि पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरात असते.

यात विद्यार्थ्याची हुशारी कमी पडलेली नसते. त्याला हे कोणी शिकवलेलेच नसते. वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयाची ओळख करून देणारा एखादा तास होतो. त्यात डेटाबेसची नावे सांगितली जातात, लॉगिन दाखवले जाते, हजेरी घेतली जाते. आपल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या शब्दांत दडलेले असेल याचा विचार कसा करायचा, ते मात्र राहून जाते.

आपल्या जिल्ह्यात शिकणारे-शिकवणारे कमी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला २००४ पासून आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, आणि उमरग्यापासून परंड्यापर्यंत महाविद्यालये आहेत. तिथले प्राध्यापक, मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातला मुद्दा सरळ आहे : शोधण्याचे निम्मे काम संगणक उघडण्याआधीचे असते. ते शिकवता येते, आणि त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे खर्च येत नाही.

कागदावर तीन रकाने

पहिल्या बैठकीत मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. प्रत्येकाने आपला विषय प्रश्नाच्या रूपात लिहायचा. ‘शेळीपालनाचा आर्थिक अभ्यास’ हा विषय झाला. ‘जमीन नसलेल्या घरात शेळ्यांमुळे वर्षभराच्या उत्पन्नात काय फरक पडतो?’ हा प्रश्न झाला. प्रश्न लिहिला की त्यातल्या मुख्य कल्पना वेगळ्या होतात. इथे त्या तीन आहेत : शेळी, भूमिहीन कुटुंब आणि ठिकाण. कागदावर तीन रकाने आखायचे आणि प्रत्येक कल्पनेला जितकी नावे असू शकतात तितकी त्या रकान्यात लिहायची.

शेळीच्या रकान्यात ‘शेळीपालन’ येते, ‘गोट रिअरिंग’ आणि ‘गोट फार्मिंग’ येते. पशुवैद्यकातले लोक शेळ्या-मेंढ्यांना मिळून ‘स्मॉल रुमिनंट्स’ म्हणतात, तेही येते. शास्त्रीय नाव ‘कॅप्रा हिर्कस’ येते. आणि सगळ्यात उपयोगी पडते ते जातीचे नाव, ‘उस्मानाबादी’. जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले तरी शास्त्रीय साहित्यात ही काळी शेळी उस्मानाबादीच राहिली आहे. ज्याने शोधपेटीत फक्त ‘धाराशिव’ टाकले, त्याला या जातीवरचे ढीगभर लेखन दिसणारच नाही. दुसऱ्या रकान्यात ‘भूमिहीन’, ‘अल्पभूधारक’, ‘लँडलेस’, ‘लाइव्हलीहूड’, ‘बचत गट’ हे शब्द येतात. तिसऱ्यात ठिकाणे येतात, आणि तिथे गाव-तालुक्याबरोबर ‘मराठवाडा’, ‘दुष्काळप्रवण भाग’, ‘सेमी-अॅरिड’ हेही लिहायचे.

आता जोडणी. एकाच रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडायचे, म्हणजे यातला कोणताही चालेल. वेगवेगळ्या रकान्यांतले शब्द ‘अँड’ने जोडायचे, म्हणजे हे सगळे हवेत. दोन-तीन शब्द सलग त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचे. बहुतेक डेटाबेसमध्ये शब्दाचा मूळ भाग लिहून पुढे तारा (*) टाकला की त्याची सगळी रूपे येतात. एवढ्या चार गोष्टी हाताखालून गेल्या की कोणताही डेटाबेस अनोळखी राहत नाही, कारण बटणे बदलली तरी ही जोडणी तीच असते.

इथेच विद्यार्थ्यांना एक तारतम्य समजावून सांगा. ‘अँड’ वाढवले की निकाल कमी आणि नेमके होतात, पण कामाचे काही निसटते. ‘ऑर’ वाढवले की काही निसटत नाही, पण फोलपट वाढते. सोयाबीन चाळताना चाळणीची भोके जशी निवडतो तसेच हे आहे. सुरुवातीला मोठ्या भोकांची चाळणी घ्यावी, कारण आपल्या विषयात काय काय आहे तेच अजून ठाऊक नसते.

जिल्हा एक, नावे अनेक

ठिकाणाच्या रकान्याला धाराशिवमध्ये जास्त वेळ द्यावा लागतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. त्यामुळे २०११ ची जनगणना, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी, आकांक्षित जिल्ह्यांचे सुरुवातीचे अहवाल, हे सगळे ‘उस्मानाबाद’ या नावाने शोधावे लागते. त्याच्या मागे गेले तर निजामाच्या राजवटीत एके काळी हा ‘नळदुर्ग’ जिल्हा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये गावाचे स्पेलिंग ‘धारासेओ’ असे आहे, आणि जेम्स बर्जेसच्या लेखनात ‘धारासिन्व’. धाराशिव लेण्यांवरचा बर्जेसचा अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला, पण त्या ग्रंथाच्या शीर्षकात बिदर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांची नावे आहेत. फक्त शीर्षके चाळणाऱ्याला तो हाती लागत नाही.

नावाइतकीच हद्दही बघायला लावा. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचे ‘उस्मानाबाद जिल्ह्या’चे आकडे आजच्या दोन जिल्ह्यांचे आहेत. शेळीवरच्या जुन्या लेखनात उस्मानाबादी जातीचे मूळ क्षेत्र ‘उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर, तुळजापूर आणि उदगीर तालुके’ असे दिलेले सापडते. लातूर आणि उदगीर आज आपल्या जिल्ह्यात नाहीत. हे न बघता १९७१ आणि २०११ चे आकडे शेजारी-शेजारी मांडून ‘लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष काढला तर अख्खे प्रकरण कोसळते.

तालुक्यांची आणि घटनांची नावेही अशीच. उमरग्याची रोमन लिपीत ‘उमरगा’, ‘ओमेर्गा’ अशी वेगवेगळी स्पेलिंग आढळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला आपण किल्लारीचा भूकंप म्हणतो. इंग्रजी लेखांत तो कुठे ‘लातूर अर्थक्वेक’ असतो, कुठे ‘किल्लारी’ आणि कुठे ‘खिल्लारी’. लोहारा-उमरगा भागातल्या पुनर्वसनावर काम करायचे असेल तर जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचे ‘एमईईआरपी’ हे संक्षिप्त नाव माहीत असावे लागते. भूगर्भशास्त्रज्ञाला हवे ते ‘इंट्राप्लेट’ या शब्दाखाली मिळेल आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याला ‘रिहॅबिलिटेशन’ किंवा ‘रीलोकेशन’खाली. भूकंप एकच, पण प्रत्येक विद्याशाखेने त्याला आपापल्या शब्दांत नोंदवले आहे.

तेरचे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणून विद्यार्थ्याला ते ठाऊक असते. ‘तेर’ हे इंग्रजीत तीन अक्षरांचे नाव शोधपेटीत टाकले तर भलतेच काही येते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची बाजारपेठ सांगितली आहे. ते तगर म्हणजे हे तेर, असे इतिहाससंशोधक फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. ‘तगर’ हा शब्द मिळाला की दारे उघडत जातात. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणून त्यांचे कोकणातले आणि कोल्हापूरकडचे लेख तेरच्या अभ्यासकाला लागू होतात. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला शिलाहारांच्या लेखांचा खंड हाती येतो. त्यातल्या संदर्भांवरून आणखी मागे जाता येते. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू पाहायला जाणाऱ्याला हे वाचून गेल्यावर वेगळेच दिसते.

मराठीत शोधताना

मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि शब्दाचे रूपही बदलते. ‘तुळजापूर’ शोधले तर ‘तुळजापुरात’ आणि ‘तुळजापुरातील’ निसटू शकते, कारण दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झालेला असतो. ‘मराठवाडा’ शोधले तर ‘मराठवाड्यातील’ निसटते. ‘शेळी’च्या मागे ‘शेळ्या’, ‘शेळ्यांचे’ राहून जातात. मोठी शोधयंत्रे यातले काही सांभाळून घेतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली संगणकीय सूची मात्र पुष्कळदा अक्षर न् अक्षर जुळवते. म्हणून विद्यार्थ्याला प्रत्येक मुख्य शब्दाची मूळ, सामान्य आणि अनेकवचनी अशी तीन रूपे लिहायची सवय लावा. जुन्या पुस्तकांसाठी जुने लेखनही घ्यावे लागते. १९६० च्या दशकात शुद्धलेखनाचे नियम बदलण्यापूर्वीचे अनुस्वार त्या शीर्षकांत असतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटमध्ये जुळवला जाई. अशा पीडीएफमध्ये पानावर स्वच्छ मराठी दिसते, पण आतली अक्षरे रोमन असतात, आणि शोधयंत्राला ती मराठी वाटत नाहीत. तपासायची रीत सोपी आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य रोमन अक्षरे उमटली तर ती फाइल मराठी शब्दाने सापडणार नाही हे नक्की. कितीतरी मराठी प्रबंध, स्मरणिका आणि शासकीय अहवाल याच कारणाने झाकलेले आहेत. अशा वेळी लेखकाचे किंवा संस्थेचे नाव रोमन लिपीत टाकून पाहावे, नाहीतर छापील सूचीकडे वळावे. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे.

कुठे आणि कोणत्या क्रमाने

क्रम शिकवला नाही तर विद्यार्थी पहिल्याच दिवशी अवघड इंग्रजी शोधनिबंधावर जाऊन आदळतो आणि खचतो. आधी मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटिअर. विषयाची रूपरेषा, संज्ञा आणि जुनी नावे तिथे मिळतात, म्हणजे रकाने भरतात.

मग प्रबंध. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, त्यातून हा साठा उभा राहिला. मराठी प्रबंधाचे शीर्षक तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी इंग्रजी भाषांतरात नोंदलेले असते, म्हणून तिन्ही प्रकारे शोधायला सांगा. प्रबंध उघडला की आधी संदर्भसूची वाचायची. कोणीतरी चार-पाच वर्षे खपून केलेला शोध तिथे आयता मांडलेला असतो. शेती आणि पशुविज्ञानाचे प्रबंध मात्र ‘कृषिकोश’ या वेगळ्या भांडारात असतात. उस्मानाबादी शेळीवरचे काम फक्त मराठवाड्यात झालेले नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही ते केले आहे. म्हणून विद्यापीठाच्या नावाची गाळणी सुरुवातीलाच लावू देऊ नका.

त्यानंतर नियतकालिके. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना आहे. थोड्या वार्षिक वर्गणीत तिच्यातून हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके मिळतात. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आहे. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत बसते हे ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारावे आणि स्वतःचे लॉगिन घ्यावे. ते घरून, मोबाइलवरही चालते. वाशी किंवा भूमच्या खेड्यात राहणाऱ्या विद्यार्थिनीला ही गोष्ट वेळेवर कळली तर तिच्या कितीतरी खेपा वाचतात.

गूगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली तो पुढे कोणी उद्धृत केला त्याची साखळी असते. लेखाच्या संदर्भसूचीतून मागे जायचे आणि या साखळीतून पुढे यायचे. एक चांगला लेख मिळाला की या दोन वाटांनी दहा मिळतात. दहावा लेख वाचताना सुरुवातीच्या रकान्यांत नसलेला एखादा शब्द भेटतोच. तो लगेच कागदावर चढवायचा आणि पुन्हा शोधायचे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक लक्षात ठेवावे. १९५६ पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता. जुनी कागदपत्रे हैदराबादला तारनाका इथल्या पुराभिलेखागारात आहेत, त्यांतली पुष्कळशी उर्दू-फारसीत आणि फसली सनाची. फसली वर्षात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. मुंबईच्या दप्तरात शोधून ‘नोंद नाही’ असे लिहिण्याआधी एवढे तपासलेच पाहिजे.

सापडलेले पारखून घ्या

मिळालेल्या लेखाला तीन प्रश्न विचारायला शिकवा. कोणी लिहिले आणि त्याला हे कळण्याचा आधार काय? आकडे कुठून, कोणत्या वर्षाचे, कोणत्या हद्दीचे आले? आणि नियतकालिक कसले आहे? पैसे भरले की आठवड्यात छापणारी नियतकालिके आपल्या विद्यार्थ्यांच्या ई-मेलमध्ये रोज येऊन पडतात. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केली. त्यामुळे पारखण्याची जबाबदारी आता महाविद्यालयावर आणि मार्गदर्शकावर आली आहे. यादीत नाव आहे म्हणून विश्वास ठेवण्याचे दिवस संपले. संपादक मंडळातल्या लोकांची खरी पाने, मागचे अंक, परीक्षणाची पद्धत हे विद्यार्थ्याने स्वतः उघडून पाहायला हवे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थी वापरणारच, तेव्हा ती कशी वापरावीत तेही याच वर्गात सांगावे. समानार्थी शब्द, इंग्रजी संज्ञा, रकान्यात राहून गेलेली नावे सुचवायला ती उपयोगी पडतात. संदर्भ मात्र ती कधी कधी मनानेच रचतात : लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेख अस्तित्वातच नसलेला. म्हणून नियम करावा की असा प्रत्येक संदर्भ अवतरणचिन्हांत शीर्षक टाकून शोधायचा, डीओआय क्रमांक उघडून पाहायचा, आणि लेख स्वतः वाचल्याशिवाय सूचीत घालायचा नाही.

चार बैठकांचा आराखडा

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न येईल. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम यूजीसीने आधीच घातला आहे. त्यातले सात तास डेटाबेस आणि संशोधनमापनासाठी आहेत. तेच तास या कामी लावावेत. पदव्युत्तर वर्गांसाठी लघुप्रबंधाच्या आधी दोन-दोन तासांच्या चार बैठका पुरतात.

पहिली बैठक फक्त कागदाची : प्रश्न, रकाने, शब्द. शेजारी बसलेल्याने प्रत्येक रकान्यात निदान दोन शब्दांची भर घालायची. दुसरी बैठक ग्रंथालयात : गॅझेटिअर, शोधगंगा, लॉगिन. तिसरी जोडणीची आणि साखळीची : एक लेख घेऊन मागे-पुढे जाणे. चौथीत प्रत्येकाने एकच कामाचा संदर्भ मांडायचा आणि तो कोणत्या शब्दाने, कुठे सापडला ते सांगायचे. चारही बैठकांना विषयाचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल दोघेही हजर असावेत. शब्द प्राध्यापकांना ठाऊक असतात आणि वाटा ग्रंथपालांना. दोघे वेगवेगळ्या दिवशी शिकवतात तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती अर्धे-अर्धेच लागते.

या काळात प्रत्येकाने शोधवही ठेवावी. तारीख, कुठे शोधले, नेमके कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, कोणते ठेवले आणि का. गुण या वहीला द्यावेत. बहुपर्यायी चाचणीत डेटाबेसचे पूर्ण नाव विचारून शोधण्याचे कौशल्य कळत नाही. फसलेला शोध नीट नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळू द्यावेत, कारण पुढची दिशा त्याच नोंदीतून ठरते. मिळालेले संदर्भ ‘झोटेरो’सारख्या मोफत साधनात साठवायला पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात सूचीसाठी धावाधाव होत नाही.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचवा असा एक नियम आहे. तो जिल्ह्याच्या पातळीवर पाळायचा असेल तर प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी एक सामायिक शब्दसंच सुरू करावा. विद्यार्थ्यांच्या रकान्यांतली गावांची जुनी-नवी नावे, स्पेलिंग, बदललेल्या हद्दींची वर्षे, पिकांची आणि जनावरांची शास्त्रीय नावे, योजनांची संक्षिप्त रूपे त्यात दरवर्षी भरली जावीत. आठही तालुक्यांतून ते जमले तर पुढच्या तुकडीला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही. यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. एक साधी एक्सेल फाइल, तिची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती आणि या सत्रातली पहिली वीस नावे एवढ्यावर हे काम सुरू होते. येत्या सत्राच्या वेळापत्रकात त्यासाठी एक तास आजच राखून ठेवा.